आधी नकाशा, मग ॲप

शिडाची बोट चालवायला शिकणारी मंडळी थोडी सरावली, की मला हमखास विचारतात, "ताई, मोबाईलवर कुठलं ॲप घेऊ?" पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, "फुकटातलं चालेल का?"

हा दुसरा प्रश्न विचारताना संकोचायचं काही कारण नाही. बोट पाळणं खर्चाचंच काम आहे. शीड फाटतं, दोर झिजतात, पावसाळ्यात बोट वर काढून ठेवायचं भाडं असतं, तळाला चिकटलेले शिंपले खरवडून दरवर्षी रंग द्यावा लागतो. जिथे पैसे वाचतात तिथे ते वाचवलेच पाहिजेत. मात्र कुठे वाचवायचे हे आधी ठरवायला हवं. मी सांगते ते असं: ॲपवर खुशाल वाचवा, नकाशावर वाचवू नका.

या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेच पुष्कळांच्या लक्षात आलेलं नसतं. ॲप किंवा संगणकातला प्रोग्रॅम नकाशा पडद्यावर उघडतो, जीपीएसकडून आलेली आपली जागा त्यावर दाखवतो, मार्ग आखू देतो, नांगर घसरला तर आवाज करतो. पण खांदेरीच्या कुठल्या अंगाला खडक आहे आणि त्यावर ओहोटीला किती पाणी उरतं, हे त्या प्रोग्रॅमला ठाऊक नसतं. ते नकाशात असतं. आणि तो नकाशा कुणीतरी बोट घेऊन, तळाची खोली मोजत, ओळीमागून ओळ फिरून तयार केलेला असतो.

आपल्या किनाऱ्यासाठी हे काम नौदलाचं सर्वेक्षण खातं करतं. त्याचं मुख्य कार्यालय, राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय, डेहराडूनला आहे. समुद्राचे नकाशे हिमालयाच्या पायथ्याशी छापले जातात याचं मला पहिल्यांदा ऐकल्यापासून अप्रूप वाटत आलं आहे. या खात्याची मुळं १८७४ साली कोलकात्यात सुरू झालेल्या सागरी सर्वेक्षण विभागापर्यंत जातात. भरती-ओहोटीची कोष्टकं छापणारं सर्व्हे ऑफ इंडियाही डेहराडूनचंच. म्हणजे मांडवा ते मुरूड एवढ्या छोट्याशा प्रवासाला लागणारे दोन्ही महत्त्वाचे कागद एकाच डोंगरी गावातून येतात.

इलेक्ट्रॉनिक नकाशे दोन जातींचे. एक म्हणजे कागदी नकाशाचं जसंच्या तसं चित्र. त्याला रास्टर म्हणतात. मोठं करून पाहिलं तर अक्षरं नुसती फुगतात, नवं काही दिसत नाही. दुसरा व्हेक्टर. त्यात प्रत्येक दिवा, प्रत्येक बोया, खोलीची प्रत्येक रेषा ही वेगळी नोंद असते आणि प्रोग्रॅम ती आपल्या पद्धतीनं रेखाटतो. दिव्यावर बोट ठेवलं की तो किती सेकंदांनी लुकलुकतो ते कळतं. सरकारी व्हेक्टर नकाशा आंतरराष्ट्रीय ठरावाप्रमाणे एस-५७ या साच्यात बनतो आणि त्याला ईएनसी म्हणतात. मोठ्या जहाजांवर कागदाऐवजी ईएनसी वाचणारी ईसीडीआयएस नावाची प्रमाणित यंत्रणा असते. ती २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. तिची किंमत लाखांत जाते. तुमच्या-माझ्या छोट्या बोटीला तशी सक्ती नाही, म्हणून तर निवडीचा प्रश्न येतो.

आता फुकटातलं काय मिळतं ते सांगते. माझ्या बोटीवरच्या जुन्या लॅपटॉपवर ओपनसीपीएन चालतं. डेव्ह रजिस्टर या नाविकानं सुरू केलेला हा प्रोग्रॅम जगभरचे हौशी प्रोग्रॅमर मिळून वाढवतात. त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही तो विनामूल्य बसतो. अँड्रॉइडसाठी थोडे पैसे मोजावे लागतात. यूएसबीला लावायचा छोटा जीपीएस दोन-तीन हजारांत मिळतो. एवढ्यावर मार्ग, माग, नांगराचा पहारा हे सगळं मिळतं आणि एआयएसचा, म्हणजे जहाजं आपली जागा ज्यावरून कळवत असतात त्या यंत्रणेचा, रिसीव्हर जोडला तर आसपासची मोठी जहाजंही पडद्यावर दिसतात. मुंबई बंदराच्या तोंडाशी कंटेनर जहाजांच्या वाटेत वावरणाऱ्याला ही शेवटची सोय फार मोलाची. एका गोष्टीसाठी मला हा प्रोग्रॅम विशेष आवडतो: तो काही लपवत नाही. नकाशा त्याच्या मूळ प्रमाणाबाहेर ताणला, तर पडद्यावर तसा इशारा येतो.

पण ओपनसीपीएन उतरवून घेतलं आणि उघडलं, तर आत जगाच्या किनाऱ्याची ढोबळ बाह्यरेषा तेवढी असते. नकाशे आपले आपण आणायचे. इथे देशादेशांत फरक पडतो. अमेरिकेत सरकारी खर्चानं झालेलं काम जनतेच्या मालकीचं मानतात, म्हणून तिथल्या नोआ या संस्थेचे सगळे ईएनसी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत किंवा सिएटलजवळ शिडाची बोट चालवणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे एक पैसाही न घालता सरकारी नकाशा आणि उत्तम प्रोग्रॅम मिळतो. त्यानं एवढंच लक्षात ठेवावं, की नोआनं कागदी आणि रास्टर नकाशांची जुनी मालिका जानेवारी २०२५ पर्यंत बंद केली. जुन्या रास्टर फायली अजून कुणाकडे सापडतील, पण त्यांत दुरुस्ती होत नाही. भारताचे ईएनसी मात्र कुलूपबंद येतात आणि अधिकृत विक्रेत्यांकडून परवाना घेऊन विकत घ्यावे लागतात. माझं मत विचाराल तर, छोट्या बोटींसाठी आणि मच्छीमारांसाठी तरी किनाऱ्याचे नकाशे खुले व्हायला हवेत. आपल्याच पैशानं मोजलेला खडक आपल्याच कोळ्याला फुकट दिसला पाहिजे.

तोवर मार्ग दोन. एक, ओपनसीपीएनला चालणारे कुलूपबंद पण स्वस्त संच विकणारे विक्रेते आहेत. आपल्या किनाऱ्याचा संच त्यांच्या यादीत आहे का, त्याची आवृत्ती कुठल्या सालची, आणि किती यंत्रांवर तो चालेल, एवढं पैसे देण्यापूर्वी पाहावं. दोन, मोबाईलवरचं भाड्याचं ॲप. त्यात नॅव्हिऑनिक्स सगळ्यांना माहीत. २०१७ मध्ये गार्मिननं ती कंपनी घेतली. सी-मॅपही त्याच जातीचं. इथे ॲप आणि नकाशा एकत्र येतात आणि दर वर्षी भाडं भरावं लागतं. नवख्या माणसाला हे सोपं जातं, हे मी मान्य करते. फोन उघडला की नकाशा तयार. भाडं भरण्याआधी मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. मुदत संपल्यावर उतरवलेला नकाशा दिसत राहतो की झाकला जातो? नूतनीकरण आपोआप होऊन खात्यातून पैसे जातात का? आणि आपण आखलेले मार्ग जीपीएक्स फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का? ही फाइल जवळपास सगळे प्रोग्रॅम वाचतात. ती हातात असली, की उद्या ॲप बदललं तरी वर्षानुवर्षांच्या नोंदी आपल्याकडे राहतात.

ओपनसीमॅप हा तिसरा प्रकार. ओपनस्ट्रीटमॅपच्या धर्तीवर स्वयंसेवक तो भरतात. दिवे, बोये, धक्के पाहायला चांगला आहे, पण खोलीसाठी त्यावर विसंबू नये. गुगल मॅप्सचा तर इथे विचारच नको. निळ्या रंगाखाली काय आहे ते दाखवायला तो बनलेलाच नाही. पॅसिफिकमध्ये भटकणारे लोक उपग्रहाची चित्रं ओपनसीपीएनमध्ये घालून प्रवाळ ओळखतात. तिथलं पाणी काचेसारखं, तळ वरून दिसतो. आपलं कोकणचं पाणी गाळाचं, विशेषतः पावसाळ्यानंतर. आपल्याकडे त्या चित्रांतून फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा आणि ओहोटीला उघडा पडणारा खडप तेवढा कळतो. तोही उपयोगी आहे. पण चित्रात दिसलं नाही म्हणून खडक नाही, असं कुणी समजू नये.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. बोटीबोटीतून पेनड्राइव्हवर एक संच फिरतो. त्यात साऱ्या जगाचे नकाशे, तेही फुकट. तो चोरीचा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे जुना आहे. मुंबई बंदर गेल्या काही वर्षांत किती बदललं ते आठवा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याची एकूण लांबी २१.८ किलोमीटर आणि त्यातला बहुतेक भाग पाण्यावर. सागरी किनारा मार्गासाठी भराव घालून पश्चिमेची किनाररेषाच पुढे सरकली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, त्यासाठी मांडव्याला लाटा अडवणारा बांध झाला. जो नकाशा तुम्हाला शिवडीपासून न्हाव्यापर्यंत मोकळं पाणी दाखवतो, तो डोलकाठी पुलाला लागेपर्यंत मोकळं पाणीच दाखवत राहील.

म्हणून कुठलाही नकाशा घ्यायच्या आधी माझे विद्यार्थी घरच्या पाण्यावर त्याची परीक्षा घेतात. अटल सेतू आहे का? मांडव्याचा बांध आहे का? खांदेरीचा दीप, जो १८६७ पासून जळतो आहे, तो योग्य जागी आणि योग्य लुकलुकीसह आहे का? मग फोन विमान मोडवर टाकून पुन्हा पाहायचं. जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर रेवदंड्याच्या पुढे रेंज गेल्यावर पडदा कोरा होतो आणि त्या कोऱ्या पडद्यावर तुमची जागा अगदी अचूक दिसत राहते.

यानंतरची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. नकाशा लहान करत करत न्यायचा, म्हणजे जास्त समुद्र एका पडद्यावर येईल असा, आणि बघत राहायचं: खांदेरी-उंदेरीभोवतीचे खडक, मालवणला सिंधुदुर्गाभोवतीचे खडप, वेंगुर्ला रॉक्स केव्हा अदृश्य होतात? व्हेक्टर नकाशात गर्दी होऊ नये म्हणून लांबून पाहताना बारीक गोष्टी गाळल्या जातात. हे गाळणं किती महागात पडू शकतं, ते २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री साऱ्या नौकानयन जगानं पाहिलं. व्होल्वो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंडची शर्यती बोट केपटाऊनहून अबुधाबीकडे निघालेली होती. मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस नावाचा प्रवाळांचा लांबलचक पट्टा आहे. बोटीवर अनुभवी नाविक, उत्तम संगणक, उत्तम प्रोग्रॅम. पण मार्ग आखताना नकाशा ज्या प्रमाणावर पाहिला गेला, त्यावर तो पट्टा धोक्याचा दिसत नव्हता. तिथे चाळीसेक मीटर पाणी असल्याचं भासत होतं. मोठं करून पाहिलं असतं तर तो दिसला असता. बोट अंधारात पूर्ण वेगानं प्रवाळावर आदळली. नऊच्या नऊ माणसं वाचली, बोट पुढे दुरुस्त होऊन शर्यतीच्या अखेरीस परतलीही. २०१५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालानं बोटीवरच्या नकाशांच्या वापरावर बोट ठेवलं आणि नकाशे दाखवण्याच्या पद्धतीतल्या उणिवांवरही.

हा प्रसंग मी दर हंगामात शिकवते. मार्गाची रेषा आखून झाली की पूर्ण रेषा, टोकापासून टोकापर्यंत, नकाशा मोठा करून बोटानं सरकवत पाहायची. मांडवा ते दाभोळ एवढ्या मार्गाला त्यात थोडाच वेळ जातो. जे ॲप हे सरकवणं जिकिरीचं करतं, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

सुरक्षा-खोलीची रेषा हीसुद्धा अशीच समजून घ्यायची गोष्ट. समजा तुमच्या बोटीची कील दीड मीटर खाली जाते आणि तुम्ही सुरक्षेसाठी तीन मीटर असा आकडा भरला. नकाशात खोलीच्या रेषा २, ५ आणि १० मीटरच्याच असतील, तर ईएनसीच्या नियमाप्रमाणे पुढची खोल रेषा, म्हणजे ५ मीटरची, ठळक होते. माणूस गोंधळतो, ॲप चुकलं म्हणतो. ते चुकलेलं नसतं. नकाशात तीनची रेषा नसतेच. आणि या सगळ्या खोल्या अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेल्या. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, भांगाला तो बराच कमी. गोव्याकडे जाल तसा आणखी आटतो. नकाशात हिरव्या पट्ट्यात, अधोरेखित आकड्यांनी दाखवलेला खडक ओहोटीला पाण्याबाहेर येतो आणि भरतीला गुडूप होतो. म्हणून ॲपमधल्या भरतीच्या वेळा छापील कोष्टकाशी ताडून पाहाव्यात. जुळल्या नाहीत तर छापील कोष्टक धरावं.

आणखी एक प्रश्न विद्यार्थी कधीच विचारत नाहीत, म्हणून मीच विचारते: हा तुकडा कितपत खात्रीचा आहे? ईएनसीमध्ये प्रत्येक क्षेत्राला दर्जा दिलेला असतो. ए१ म्हणजे नोंदलेली जागा पाच मीटरच्या आत बरोबर, ए२ वीस मीटर, बी पन्नास, सी मात्र पाचशे मीटर, डी त्याहूनही सैल. पडद्यावर हा दर्जा ताऱ्यांनी दिसतो, ए१ ला सहा तारे आणि डीला दोन. बंदराच्या वाहत्या वाटांवर मोजणी ताजी असते. ज्या खाडीत मोठं जहाज कधी जात नाही, तिथे ती फार जुनी असू शकते. तुमचा जीपीएस तुम्हाला काही मीटरांत अचूक जागा सांगतो, पण सी दर्जाच्या पाण्यात खडक पाचशे मीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. शिवाय जुनी मोजणी एव्हरेस्टच्या मापांवर बेतलेली, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मापावर चालतो. दोन्ही नीट जुळवलेली नसली, की धक्क्याला बांधलेली बोट पडद्यावर जमिनीत शिरलेली दिसते. ओपनसीपीएनमध्ये हे तारे पाहायची सोय आहे. बऱ्याच मोबाईल ॲपमध्ये नाही. माझ्या लेखी नुसत्या या एका सोयीसाठीसुद्धा ते लॅपटॉपवर असावं.

नकाशात नसतंच असंही पुष्कळ काही या किनाऱ्यावर आहे. थळचे एक तांडेल, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांनी मला डोल जाळ्यांच्या जागा दाखवल्या. खुंट रोवून लावलेली ही जाळी प्रवाहाच्या तोंडाशी उभी असतात, हंगामाप्रमाणे जागा बदलतात, आणि रात्री त्यांच्या बोयांवर उजेड असेलच असं नाही. मामांच्या फोनमध्ये जाळं अडकतं त्या जागांच्या खुणा आहेत, कित्येक हंगामांच्या. तशा खुणा मी विचारून माझ्या नकाशात उतरवते आणि माझ्या त्यांना देते. नव्या बंदरात शिरण्याआधी तिथल्या नाखव्याला विचारायचं, हे मी ॲपच्या वापराचाच भाग मानते.

ॲपवर वाचलेले पैसे कुठे घालावेत, तेही सांगते. पहिल्यांदा दुसऱ्या यंत्रात. उन्हात तापलेला फोन बंद पडतो, ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही, बॅटरी नेमकी दाभोळच्या तोंडाशी संपते. घरातला जुना फोन, त्यावर तोच नकाशा आधीच उतरवलेला, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद करून ठेवावा. मग बोटीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून चार्ज करायची पक्की सोय. मग खोली मोजणारं साधं यंत्र, कारण कीलखाली आत्ता किती पाणी आहे हे कुठलाच नकाशा सांगत नाही. आणि कागदी नकाशा. अभिलाष टॉमी यांनी गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०२३ मध्ये ते दुसरे आले. त्या शर्यतीत जीपीएसला आणि इलेक्ट्रॉनिक नकाशांना मुळात परवानगीच नव्हती, कागद आणि सेक्स्टंटवरच वाट काढायची होती. आपल्याला तेवढं करायचं नाही. पण तासातासाला आपली जागा कागदावर पेन्सिलीनं मांडणारा माणूस पडदा बंद पडला तरी कुठे आहे ते जाणतो.

सुट्टीच्या दिवशी मांडवा-अलिबाग करणाऱ्याला मोबाईलवरचं भाड्याचं ॲप आणि डेहराडूनचा एक कागदी नकाशा पुरे. गोव्यापर्यंत जायचं असेल तर जुना लॅपटॉप काढावा, ओपनसीपीएन बसवावं आणि विकतचा, ताज्या आवृत्तीचा संच घ्यावा. फोनवरचं ॲप जोडीला ठेवावं. हे सारं ऑक्टोबरापूर्वी, किनाऱ्यावर बसून करावं. पावसाळ्यात बोट वर असते, हातात वेळ असतो, तेव्हा मार्ग आखून प्रत्येक रेषा मोठी करून तपासता येते. ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरली की पहिल्या फेऱ्या दिवसाच्या उजेडात, ओळखीच्या पाण्यात आणि चढत्या भरतीला कराव्यात. नकाशातली प्रत्येक खूण डोळ्यांनी ताडून पाहावी आणि जिथे फरक दिसेल तिथे तारीख घालून टिपून ठेवावं.